रस्त्यापलीकडून बघायचा बोर्ड

आमच्या यांना एक खोड होती. बोर्ड रंगवून झाला की ब्रश पुसायच्याही आधी रस्ता ओलांडून पलीकडे जायचं आणि तिथून बघायचं. मग ऊन असो, गाड्या असोत, नाहीतर गिऱ्हाईक ताटकळत उभं असो. पलीकडे चहाची टपरी होती. तिला टेकून, एक डोळा मिटून, मान वाकडी करून बघत राहायचे. चहावालीला विचारायचे, "कसं दिसतंय गं?" ती बिचारी उतू जाणाऱ्या दुधाकडे बघत असायची. मान वर न करता म्हणायची, "झकास!" यांचं तेवढ्याने थोडंच समाधान होतंय! "शिडीवरून सगळंच चांगलं दिसतं," म्हणायचे, "रस्त्यावरच्या माणसाला काय दिसतं ते बघायला नको?" मग परत यायचे, शिडी चढायचे आणि एखाद्या वेलांटीला केसभर रंग लावायचे. मला तर काडीचा फरक दिसायचा नाही. तसं म्हटलं की दिवसभर तोंड फुगवून बसायचे.

हे मी मुद्दाम आधी सांगतेय. पुढचं ऐकलंत की माझं डोकं का फिरतं ते तुम्हाला कळेल.

सगळे यांना पेंटर म्हणायचे. राग आला की मीसुद्धा म्हणते. पुढे दुकान आणि मागे आमची खोली, असा आमचा संसार. आमची एकुलती एक मुलगी चिंगी जन्मली तेव्हा यांनी दुकानाचं जुनं नाव खरवडून काढलं आणि 'चिंगी आर्ट्स' असं रंगवलं. मग प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात तांबड्या रंगात बारीक अक्षरांत तेच नाव. साऱ्या बाजारावर माझ्या लेकीचं नाव होतं म्हणा ना. औषधांच्या दुकानावर, सलूनवर, दवाखान्यावर, सगळीकडे.

दुकानाच्या बोर्डावर खाली एक ओळ होती, 'आमची कुठेही शाखा नाही.' शाखा कसली डोंबलाची! दुकान एवढंसं की शिडी आत घेतली तर माणसाने बाहेर उभं राहायचं. पण यांना ती ओळ भारी आवडायची. चिंगी लहानपणी दारात उभी राहून शाळेतल्या बाईंच्या आवाजात ती ओळ मोठ्याने वाचायची, आणि हे आतून ओरडायचे, "नाही म्हणजे नाही!" बापलेकीचा हा रोजचा खेळ.

पोरीचा हात बापासारखाच. ब्रश कसा धरायचा हे तिला शिकवावं लागलं नाही. खडूच्या दोरीने पत्र्यावर रेघा मारायच्या, तर दोरीचं एक टोक तिच्या हातात. स्वभावही बापासारखाच, तिथेच सगळं फसलं. दोघांच्याही नाकाच्या शेंड्यावर राग.

मग फ्लेक्स आलं. जे काम करायला यांना चार दिवस लागायचे ते मशीन चहा पिऊन होईपर्यंत बाहेर टाकायला लागलं. वर माणसाचा फोटोही छापून मिळायचा! आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक दारावरून पुढे जायला लागलं. आणि चिंगीने काय करावं? कॉम्प्युटर शिकली आणि हमरस्त्यावरच्या फ्लेक्सच्या प्रेसमध्येच नोकरी धरली. "बाबा, अक्षरं तिथेही लागतातच की," एवढंच म्हणाली ती. यांनी हातातला डबा आपटला. सगळ्या फरशीवर निळा रंग. म्हणाले, "त्या प्लास्टिकवाल्यांकडे जायचं असेल तर या दारात परत पाऊल टाकायचं नाही." ती म्हणाली, "नाही टाकत." झालं! मी मध्ये बोंबलत राहिले, ऐकतंय कोण.

प्रेसमध्ये थोडे दिवस काढून ती दुसऱ्या शहरात गेली. तिथून दुकानातल्या फोनवर फोन करायची. आमच्याकडे तेव्हा मोबाईल नव्हता, तो एकच डबडा फोन, तोही यांच्या टेबलावर. हे उचलायचे, तिचा आवाज ऐकला की ठेवून द्यायचे. मी ओले हात पुसत बाहेर येईपर्यंत काम तमाम. "कोणाचा होता?" तर म्हणे, "राँग नंबर." मी म्हणायचे, "राँग नंबर दर रविवारी येतो होय?" मला या माणसाचा इतका राग यायचा की जेवताना यांचं ताट मी जरा आपटूनच ठेवायचे. पुढे फोन यायचा बंद झाला.

काही वर्षांनी यांचा हात थरथरायला लागला. सरळ रेघ जमेना. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार. तेव्हापासून हे नुसते टेबलाशी बसून असायचे. एका रविवारी मी भाजी निवडत होते, तर म्हणाले, "आज फोन आला नाही."

"कुठला फोन?"

"राँग नंबर."

फोन बंद होऊन कितीतरी वर्षं उलटली होती. मी यांच्याकडे बघितलं आणि सगळा राग जिरला. मेला, माणूस आतून पोखरून गेला होता आणि मला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी त्या प्रेसची पायरी हे आयुष्यात पहिल्यांदा चढले. चिंगी कुठे असते म्हणून विचारलं. प्रेसवाला म्हणाला, परदेशी गेली, नंबर काही माझ्याकडे नाही, पण कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर अक्षरं काढते म्हणे, अक्षरांचे नवे घाट. हे घरी आले ते वेगळेच होऊन. "अगं, अक्षरं काढते ती!" हे वाक्य मी त्या संध्याकाळी इतक्यांदा ऐकलं की शेवटी म्हटलं, "हो, कळलं, आता जेवा." जेवता जेवता म्हणाले, "ती दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते. म्हणजे आपला बोर्ड तिथेच लावायला हवा."

आमच्या शेजारच्या गाळ्यात मास्तरांचा क्लास होता. आधी टायपिंगचा, मग कॉम्प्युटरचा. हे गेले त्यांच्याकडे. मास्तरांनी यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. "हे बघा पेंटर, डोमेन म्हणजे बोर्डावरचं नाव. ते एकदा तुम्ही घेतलंत की जगात दुसऱ्या कोणाला मिळत नाही. होस्टिंग म्हणजे गाळा. नाव तुमचं, गाळा भाड्याचा. तुमचं पान त्या गाळ्यात नेऊन ठेवायचं. मग नाव टाइप करणाऱ्याला ते दिसतं." हे म्हणाले, "बस्स? एवढंच?" मास्तर हसले. "एवढंच. पान साधं ठेवू."

साधं म्हणता म्हणता पावसाळा गेला. मास्तरांच्या ओळखीतून एक जुना कॉम्प्युटर आमच्या खोलीत आला आणि हे एका बोटाने टाइप करायला लागले. प्रत्येक गोष्टीला एक सुरू व्हायची खूण आणि एक संपायची खूण द्यावी लागते. जाड अक्षराची खूण एकदा संपवायला विसरले, तर तिथून खालचं सगळं पान जाड! "अजीर्ण झालं की काय याला?" मी म्हटलं, तर कधी नव्हे ते हसले. मला आठवतं, एकदा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "इथे हात थरथरला तरी अक्षर सरळच येतं गं." हसू की रडू ते मला कळेना. मी आपली चहा ठेवायला उठले.

पान तयार झालं. वर ठळक 'चिंगी आर्ट्स', खाली जुन्या बोर्डांचे फोटो, मग दुकानाचा पत्ता, फोन नंबर, आणि सवयीने सगळ्यात खाली, 'आमची कुठेही शाखा नाही.' त्याच्या खाली मास्तरांनी एक छोटा चौकोन लावला. पान जितक्या वेळा उघडलं जाईल तितका आकडा त्यात पुढे सरकतो म्हणे. चिंगीसाठी म्हणून एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी सुचवलं, तर म्हणाले, "नाव दिसलं की तिला कळेल." नावाचे आणि गाळ्याचे पैसे एका वर्षाचे भरूया म्हणून मास्तर म्हणत होते. यांनी हट्टाने जितक्या वर्षांचे भरता येतील तितके भरायला लावले. "बोर्ड काय दरवर्षी उतरवायला लावलाय?" आमचा ईमेल नव्हता, म्हणून सगळं मास्तरांच्या ईमेलवर झालं.

ज्या दिवशी पान चढलं, त्या दिवशी क्लासच्या कॉम्प्युटरवर यांनी स्वतः नाव टाइप केलं आणि चिंगी आर्ट्स उघडलं. सगळी ओळ जमली होती बघायला, शिंपी, सायकलवाला, सगळे. मास्तर यांना म्हणाले, "घरच्या कॉम्प्युटरवर याची प्रत ठेवलीय आणि समोरच एक चित्र ठेवलंय. ते दाबलं की पान उघडेल. काही बदल केलात की मला सांगा, मी चढवतो." हे मान डोलावत होते, पण लक्ष सगळं स्क्रीनवर. 'आर्ट्स'चा रफार जरा डावीकडे सरकलाय असं यांचं म्हणणं होतं.

त्यानंतर एका रविवारी दुकानातला फोन वाजला. यांनी उचलला. "हॅलो." पलीकडून कोणी बोलेना. यांनी फोन ठेवला नाही. "हॅलो, हॅलो," म्हणत राहिले, आवाज असा बारीक की मलाच कसंसं झालं. अरे, नाव घ्या ना तिचं, मी खुणा करून सांगत होते! पण या माणसाच्या तोंडून नाव निघेना. पलीकडून फोन ठेवला गेला. हे म्हणाले, "पुढच्या वेळी बोलेन."

पुढची वेळ यायच्या आत रस्ता रुंद करायची नोटीस आली. आमची सगळी ओळ पाडायची ठरली. शिंपी एकीकडे, सायकलवाला दुसरीकडे, सगळ्यांची पांगापांग. मास्तर मुलाकडे लांब राहायला गेले. आम्हाला खोली मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, अशा इमारतीत जिथे शेजारचा माणूस जिन्यात भेटला तरी भिंतीकडे बघतो. तो डबडा फोन तिकडे येईना, म्हणून मोबाईल घेतला, नवा नंबर. नातेवाइकांकडून चिंगीला कळेल म्हणावं, तर यांनी सगळ्यांशी भांडून ठेवलेलं. मागे राहिली ती फक्त पलीकडची टपरी, कारण रस्ता आमच्याच बाजूला रुंद होणार होता. पण चहावालीनेही नुकताच यांचा रंगवलेला बोर्ड काढून फ्लेक्स लावलं होतं, वर तिचा स्वतःचा हसरा फोटो. हे तिच्याशी बोलायचे बंद झाले होते.

मी म्हटलं, "मी जाऊन तिला पत्ता देऊन येते. चिंगी कधी आलीच तर."

"काही गरज नाही. साइटवर टाकलाय."

"केव्हा?"

"ये, दाखवतो."

आणि खरंच, यांनी ते चित्र दाबलं, पान उघडलं, आणि त्यात आमचा नवा पत्ता, नवा नंबर. आकड्याच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसत होता, तो यांनी काढून टाकला होता. आणि 'आमची कुठेही शाखा नाही' ही ओळसुद्धा काढली होती! तिच्या जागी लिहिलं होतं, 'चिंगी, आम्ही आता इथे राहतो. ये.' मला पदर डोळ्यांना लावावा लागला. म्हटलं, "एवढं लिहायला एवढी वर्षं?" तर म्हणाले, "साऱ्या जगाला दिसतंय आता. चहावालीला वेगळं कशाला सांगायचं?"

मलाही पटलं. न पटायला काय झालं, डोळ्यांनी बघत होते ना मी!

तिथून पुढे आमचं वाट बघणं सुरू झालं. सकाळी उठलं की यांचं पहिलं काम पान उघडायचं, सगळं जागच्या जागी आहे ना बघायचं, आणि काहीतरी वाढवायचं. स्टेशनवरून कुठली बस. कुठल्या थांब्यावर उतरायचं. 'लिफ्ट बंद असते, जिन्याने ये.' 'बेल वाजत नाही, दार ढकल.' एकदा नेट दोन दिवस गेलं होतं, तरी पान आपलं उघडलं. मी म्हटलं, "अहो, नेट नाही आणि हे कसं दिसतंय?" तर ऐटीत म्हणाले, "आपला बोर्ड आहे तो. लाईट गेली म्हणून दुकानावरचा बोर्ड उतरतो का?" मी, कपाळ माझं, हो म्हणून गेले.

मोबाईल कायम उशाशी. आंघोळीला जाताना माझ्या हातात द्यायचे, पोर सांभाळायला द्यावं तसं. वाजला की धावायचे, तर कोणीतरी कर्ज हवंय का विचारायचं. महिने गेले, वर्ष गेलं, आणखी गेलं. हळूहळू माझाच संताप संताप व्हायला लागला, आणि तो सगळा चिंगीवर. बाप म्हातारा झाला, हात लुळा पडत चालला, चार अक्षरं लिहायला दिवस घालवतो, 'ये' म्हणतो, आणि ही भवानी एक फोन करत नाही? कसलं काळीज म्हणायचं हे! मी मोठ्याने तिला शिव्या घालायचे. हे नुसते म्हणायचे, "येईल. बघत असेल ती." आणि पानावर लिहायचे, 'आई ठीक आहे. चिडते अजून.'

दोनेक महिन्यांपूर्वी माझी दाढ ठणकायला लागली आणि जुन्या भागातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. परतताना पाय आपोआप टपरीकडे वळले. आमच्या दुकानाच्या जागी आता रस्ता आहे. मागच्या खोलीच्या, चुलीच्या जागेवरूनसुद्धा बस जाते. चहावालीने मला बघितलं आणि हातातलं गाळणं तसंच खाली ठेवलं.

"काकू! अहो, होतात कुठे तुम्ही? तुमची चिंगी येऊन गेली की!"

मी बाकावर बसले. "कधी?"

"झाले असतील चारसहा महिने. केस कापलेत, काकांसारखा जाड चष्मा लागलाय. हातात फोन धरून इथे उभी. म्हणाली, मावशी, दुकान कुठे गेलं? मी म्हटलं, पाडलं गं, केव्हाच. तर म्हणाली, पण साइटवर अजून हाच पत्ता आहे. तिथला नंबर लावला तिने माझ्यासमोर, तो बंद."

"अगं, काय बोलतेस? साइटवर आमचा नवा पत्ता आहे."

"मला काय माहीत काकू! मी म्हटलं, मला सांगून नाही गेले बाई. बोलतच नव्हते माझ्याशी. तुझा नंबर दे, आले तर देते. तर म्हणाली, नको मावशी. मी ते पान रोज बघते. त्यांना मी यायला हवं असतं तर घर बदलल्यावर पत्ता बदलला असता. एवढं सगळं पान ठेवलंय, तेवढाच बदलला नाही." चहावालीने डोळे पुसले. "मग फोनवरची शेवटची ओळ तिने मोठ्याने वाचून दाखवली मला. आमची कुठेही शाखा नाही. शाळेतल्या बाईंसारखी वाचली, लहानपणी वाचायची तशी. आणि थोडा वेळ त्या रस्त्याकडे बघत राहिली. मग गेली."

मी म्हटलं, दाखव मला, तुझ्या फोनवर दाखव. तिने नाव टाकलं. पान उघडलं. जुना पत्ता. जुना नंबर. आणि खाली ती मेली ओळ.

घरी कशी आले ते माझं मला माहीत नाही. हे कॉम्प्युटरशी बसले होते. म्हणाले, "दाढ काढली का?" मी यांना हाताला धरून उठवलं आणि गल्लीच्या कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान चालवणारी बाई आहे, तिच्याकडे नेलं. वाटेत सगळं सांगितलं.

झेरॉक्सवालीने तिच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. यांनी एक डोळा मिटला, मान वाकडी केली आणि बघितलं.

"हे जुनं आहे," म्हणाले.

"हेच आहे, काका," ती म्हणाली. "जगाला हेच दिसतं. तुम्ही घरी उघडता ती तुमच्या कॉम्प्युटरमधली फाइल. तिच्यात बदललेलं तिथेच राहतं. ते चढवावं लागतं. कधीच चढवलं नाहीत का?"

मास्तर चढवायचे. मास्तर गेले. आणि हा माणूस जवळजवळ तीन वर्षं शिडीवर बसून बोर्ड रंगवत राहिला! ज्याने साऱ्या आयुष्यात रस्ता ओलांडून बघितल्याशिवाय एक वेलांटी सोडली नाही, त्याला एकदा, फक्त एकदा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बघावंसं वाटू नये? मी तिथेच, त्या परक्या बाईसमोर, यांच्यावर ओरडले. नको नको ते बोलले. हे उभे राहून ऐकत होते. चष्मा काढून हातात धरला होता आणि हात थरथरत होता, म्हणून चष्म्याच्या काड्या एकमेकींवर वाजत होत्या. तो आवाज ऐकून मी गप्प झाले.

"आत्ता चढवा," हे म्हणाले. "मी फाइल आणतो."

पण ते आमच्या हातात कुठे होतं? पासवर्ड मास्तरांचा, ईमेल मास्तरांचा. शिंप्याचा ठावठिकाणा काढून त्याच्याकडून मास्तरांच्या मुलाचा नंबर मिळवला. सून बोलली. म्हणाली, बाबांना आता मीही ओळखू येत नाही, मला क्लासची मुलगी समजून टायपिंग शिकवतात. ईमेल त्यांनी कुठून उघडला होता, काय होता, कोणाला ठाऊक नाही. झेरॉक्सवालीने बिचारीने होस्टिंगवाल्यांना परत परत लिहिलं. त्यांचं एकच उत्तर, ज्याच्या नावाने आहे त्याच्या ईमेलवरून लिहा. यांनी विचारलं, "मग निदान उतरवून तरी टाका. चुकीचा बोर्ड लटकत ठेवू नका." तर तेही करता येत नाही. पैसे पुढच्या कितीतरी वर्षांचे भरलेत. पान तिथेच राहणार. चिंगीला रोज सांगत राहणार की बापाचं मन बदललं नाही आणि बापाला तू नकोस.

यांनी मग चहावालीशी बोलणं सुरू केलं. टपरीवर आमच्या पत्त्याचा बोर्ड लावायचा ठरलं. घरी पत्रा आणला, खडूची दोरी मारली, एक टोक मी धरलं. 'चिं'पाशीच ब्रश घसरला. पुसलं, पुन्हा घसरला. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी हे स्वतः प्रेसमध्ये गेले आणि फ्लेक्स छापून घेऊन आले. 'चिंगी, आई-बाबांचा नवा पत्ता.' टपरीवर टांगलं, आणि सवयीने हे पलीकडे जायला निघाले. मी दंड धरून मागे ओढलं. पलीकडे उभं राहायला जागा आहे कुठे? आमचं दुकान होतं तिथे गाड्या धावतात. टपरीखालीच उभे राहिले आणि मला विचारलं, "कसं दिसतंय?"

"झकास," मी म्हटलं. मी बघितलंच नव्हतं.

आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं झेरॉक्सच्या दुकानात जातो. त्या पानावर खाली तो चौकोन आहे ना, आकड्याचा, तो खऱ्या पानावर नीट चालतो. घरच्या फाइलमध्ये तो कधी दिसणारच नव्हता, तो त्या होस्टिंगवाल्यांकडून येतो. पहिल्या दिवशी आकडा बघून हे हरखले होते. "बघ, किती मोठा! एवढ्या वेळा बघितलंय तिने!" रोज एकदा या हिशेबाने तो तिचाच होता, आमची अक्षरं बघायला दुसरं कोण येणार? बोलता बोलता यांचा चेहरा उजळला होता. म्हणाले, रोज आकडा बघत जाऊ. ती बघतेय एवढं तरी कळेल.

झेरॉक्सवाली पान उघडते, हे वाकतात, एक डोळा मिटतात.

"किती?" मी विचारते.

"कालच्यापेक्षा एक जास्त."

महिना झाला, उत्तर बदललेलं नाही. काल झेरॉक्सवालीला राहवलं नाही. मान खाली घालून कागद नीट करत म्हणाली, "काका, तो एक आपलाच आहे. आपण उघडतो ना, त्याचा."

"माहितेय," हे म्हणाले, आणि मला म्हणाले, "चल, उद्या येऊ."